रंकाळा दिसला म्हणजे धावपट्टी दिसली असं नाही

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारच्या अंकात पान तीनवर तुमची बातमी होती: 'कोल्हापूरवर घिरट्या घालून विमान बेळगावला, प्रवाशांना मनस्ताप'. त्या विमानात मी होतो, शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी. बातमीत ज्या 'संतप्त ज्येष्ठ नागरिकां'चा उल्लेख आहे त्यांच्यात मला धरू नये. संतापलेले दोघे माझ्या पुढच्या रांगेत होते, आणि त्यातला एकजण माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी लहान असावा. केस पांढरे होते एवढंच.

मी एस.टी.त एकतीस वर्षं चालक होतो. आता उजळाईवाडीत राहतो. आमच्या गच्चीवरून विमानतळाचं कुंपण आणि धावपट्टीचं टोक दिसतं. राजाराम महाराजांच्या काळातला हा विमानतळ, मधे कितीतरी वर्षं नुसतं गवत वाढायचं तिथं. २०२४ च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनल इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पै-पाहुणा आला की आधी गच्चीवर जातो. सांगायचा मुद्दा असा, की विमानं मी रोज बघतो, पण आत बसायची ही दुसरीच वेळ. जाताना एकदा आणि येताना ही. हैदराबादला मुलाकडे नातीच्या बारशाला गेलो होतो. मंडळी तिकडंच राहिल्या, मी एकटा परत निघालो, कारण घरी म्हैस आहे आणि शेजारी किती दिवस धारा काढणार?

विमान पंख्याचं होतं, ज्याला एटीआर म्हणतात. त्यात मागच्या दारानं चढायचं असतं, आपल्या जुन्या लाल गाडीसारखं. सत्तरेक सीट आणि दोन मुली. त्यातली एक मागच्या दारापाशी, माझ्यापासून चार हातांवर. तिला मी सगळा वेळ बघत होतो, आणि हे पत्र लिहायचं कारणही तीच. माझी बसण्याची जागा तशी होती, त्याला मी काय करू?

साडेचारच्या सुमाराला कॅप्टननं सांगितलं, कोल्हापूरला पाऊस आहे, ढग खाली आहेत, थोडं थांबावं लागेल. विमान गोल फिरू लागलं. पंधरा-वीस मिनिटांनी खाली निघालं. पट्टे बांधलेले, टेबलं बंद, खिडक्यांचे पडदे वर. मला वाटलं आलं घर. चाकं खाली आल्याचा धडधड आवाज झाला. बाहेर मात्र नुसता कापूस, पंखाचं टोकही दिसेना, काचेवरून पाणी आडवं पळत होतं. आणि एकदम इंजिनं ओरडली, नाक वर झालं, पोटात गोळा आला, चाकं परत आत गेल्याचा आवाज झाला. पुढून कुणीतरी "अंबाबाई!" म्हणून हाक मारली. एक लहान पोरगं रडू लागलं.

माझी नजर त्या मुलीकडे गेली. ती शेपटीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून तिच्या घडीच्या खुर्चीत बसलेली. पट्टा खांद्यांवरून बांधलेला, दोन्ही हात मांड्यांखाली, पाय जमिनीवर सपाट. तोंडावर काही नाही. ओठ जरा हलत होते. मला वाटलं पोरगी घाबरून देवाचं नाव घेतेय. दुसऱ्या दिवशी कळलं की तसं नव्हतं, ते पुढं सांगतो.

थोड्या वेळानं टिंग असा आवाज झाला. तिनं भिंतीवरचा फोन उचलला, ऐकलं, घड्याळात बघितलं, आणि जे ऐकलं ते परत कॅप्टनला म्हणून दाखवलं. पाठ म्हणल्यासारखं. मग फोन ठेवला. मग स्पीकरवर कॅप्टनचा आवाज: धावपट्टी दिसली नाही, आपण बेळगावला उतरतो आहोत, पाऊण तास लागेल.

आणि मग जे सुरू झालं! "आमी काय बेळगावचं तिकीट काढलंय व्हय?" इथपासून "नवं पोरगं दिसतंय चालवायला" इथपर्यंत. समोरचे ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे राहून म्हणाले, "मला सोता खाली रंकाळा दिसला! पद्माराजे उद्यानासकट दिसला! आणि ह्यास्नी धावपट्टी दिसंना?" त्यावर चार जणांनी माना डोलावल्या. तुमच्या बातमीतही हे वाक्य जसंच्या तसं आलं आहे, चौकटीत. म्हणून त्या रंकाळ्याबद्दलच आधी बोलतो.

रंकाळा त्यांना दिसला असणार. मी खोटं म्हणत नाही. पण आंबोलीत नाहीतर गगनबावड्यात धुक्यात गाडी चालवलेला कुणीही ड्रायव्हर तुम्हाला सांगेल: दाट धुक्यात बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघितलं तर चाकाजवळचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसतो, खडी दिसते, पडलेली चप्पल दिसते. आणि समोरच्या काचेतून बघितलं तर नुसती पांढरी भिंत. धुकं तेच असतं. खाली बघताना नजर चार फूट धुकं कापते, समोर बघताना दोनशे फूट कापायला जाते आणि मधेच बुडते. विमानाचं तसंच. सरळ खाली बघणाऱ्याला ढगाच्या एका भोकातून तळं दिसतं, पण विमान काही विहिरीत पोहरा सोडल्यासारखं सरळ खाली येत नाही. ते तिरकं येतं, अगदी निजलेल्या उतारावरून. तीन अंशांचा उतार असतो म्हणे, म्हणजे एक किलोमीटर खाली यायला एकोणीस किलोमीटर पुढं जावं लागतं. त्या सगळ्या तिरक्या वाटेवरचा ढग वैमानिकाच्या डोळ्यांसमोर असतो, आणि रंकाळा त्याच्या काहीच कामाचा नसतो. तिथं काय त्याला भेळ खायची आहे?

त्यातही एक उंची आधीच ठरलेली असते. तिथपर्यंत खाली येऊन धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढं, नाही दिसले तर वर. 'अजून थोडं खाली जाऊन बघू' हा पर्याय त्यात नाही. आमच्या कॅप्टननं तेच केलं. इंजिनं ओरडली ती बिघडली म्हणून नव्हे, त्यानं जोर मागितला म्हणून. ह्याला गो-अराउंड म्हणतात, आणि हे त्यांच्या रोजच्या कामात येतं, वर्षातून दोनदा सरावही करून घेतात. घाबरायला झालं हे खरं. मीही सीटचा दांडा पकडला होता. एकतीस वर्षं मीच लोकांना दांडे पकडायला लावले, त्याची परतफेड झाली.

हे सगळं मला कुठून कळलं असं विचाराल. माझी भाची इचलकरंजीची, तिचे वडील म्हणजे माझे दाजी यंत्रमागावर होते. ती चार वर्षं एका कंपनीत केबिन क्रू आहे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला आणि दीड तास सोडलं नाही. आजवर मीही तिला "काय गं, चहावाली?" असं चिडवत होतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्यानं "म्हणजे वाढप्याचंच काम की" असं म्हटलं, तेव्हा मी तिथं बसून पोहे खात होतो आणि गप्प राहिलो. ते आता आठवतं.

ती म्हणाली, "मामा, चहा हे मोकळ्या वेळातलं काम हो." तिला दारं उघडायला शिकवलंय, धुरानं भरलेल्या खोलीत रांगायला शिकवलंय, आग विझवायला, पाण्यात तराफा सोडायला, बंद पडलेल्या छातीवर दाब द्यायला. आणि ओरडायला शिकवलंय. बारीक आवाजाच्या पोरींना हॉलमध्ये उभं करून पोटातून ओरडायला लावतात, कारण विमानात आग लागली तर स्पीकर चालेलच असं नाही. पन्नास सीटमागे निदान एक माणूस असा शिकवलेला असावाच लागतो. चव्वेचाळीसपेक्षा जास्त सीटचं नवं विमान बाजारात यायच्या आधी अर्धी दारं बंद ठेवून, अंधारात, भरलेलं विमान नव्वद सेकंदांत रिकामं होतं हे सिद्ध करावं लागतं. माझ्या गाडीतून भवानी मंडपाच्या थांब्यावर चाळीस माणसं उतरायला नव्वद सेकंदांपेक्षा जास्त लागायची, आणि तेव्हा मागं आगही नसायची.

त्या मुलीचे ओठ का हलत होते, हेही भाचीनंच सांगितलं. विमान चढताना आणि उतरताना क्रू खुर्चीत बसून मनातल्या मनात उजळणी करतो. माझं दार कुठलं, ते कसं उघडतं, बाहेर आग असेल तर दुसरं कुठलं, जवळ म्हातारं कोण बसलंय, लहान मूल कुणाच्या मांडीवर आहे, मदतीला धडधाकट कोण आहे. दर वेळी, दर उड्डाणाला. हात मांड्यांखाली ठेवायचे ते धक्क्यानं उडू नयेत म्हणून. खिडकीचे पडदे वर करायला लावतात ते देखावा बघायला नव्हे. बाहेर कुठल्या बाजूला आग आहे हे आतून दिसावं आणि आपल्या डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी म्हणून. मी विचारलं, "म्हणजे ती पोरगी मला बघून म्हातारा मोजत होती की धडधाकट?" भाची म्हणाली, "मामा, तुम्ही म्हातारेच."

आणि फोनवर तिनं जे पाठ म्हणून दाखवलं, ती चार गोष्टींची ठरलेली रीत: काय झालंय, आता काय करणार, किती वेळ आहे, आणि वेगळी काही सूचना. ऐकायचं आणि तसंच्या तसं परत बोलून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. घड्याळ बघितलं ते वेळ धरायला. हे ऐकून मला आमची घंटी आठवली.

एस.टी.त दोरी ओढून वाहक घंटी मारतो. एक घंटी थांब, दोन घंटी चल. एक वाजली की पाय ब्रेकवर जातो. का मारली हे थांबल्यावर विचारायचं. १९९९ चा जुलै. रात्री गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीला चाललो होतो. गाडीत सात-आठ जण कोकण रेल्वेच्या गाडीला जाणारे. पाऊस असा की वायपरचा उपयोग नाही, वर धुकं. मी म्हणालो, वर बावड्यातच अर्धा तास थांबू. त्यावर त्यांनी मला धरलं. "गाडी चुकली तर तिकिटाचं पैसं तू देणार काय?" "रोजचा घाट हाय, भितोस कशाला?" एक बाई रडवेली होऊन म्हणाली, सकाळी मुंबईत माझ्या भावाचं ऑपरेशन आहे. मी गाडी सोडली. चूक माझी, मी ती कुणावर ढकलत नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वळणावर घंटी वाजली. एकच. मास्तर, म्हणजे वाहक, मागच्या दारात उभे होते आणि त्यांना दगड घरंगळल्याचा आवाज आला होता. मला इंजिनच्या आवाजात काही आलं नव्हतं. मी ब्रेक मारला. उतरून बॅटरी मारली तर बंपरपासून दोन हातांवर दरड, माझ्या छातीएवढी. मास्तरांनी त्या वेळी 'ड्रायव्हरला कसं सांगायचं, तो सीनियर आहे' असा विचार केला असता, किंवा मी 'ह्याला काय कळतंय' म्हणालो असतो, तर हे पत्र दुसऱ्या कुणाला तरी लिहावं लागलं असतं.

विमानवाल्यांना ही घंटी फार महागात पडून मिळाली. १९७७ च्या मार्चमध्ये टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नसेल का, असं उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या इंजिनिअरनं विचारलं होतं. कॅप्टन मोठ्या नावाचा, त्यानं ते झटकलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकाची भानगड तपासत तासभर घिरट्या घालत राहिलं. तेल संपत आलंय हे बाकीचे सांगत होते, पण दबक्या आवाजात, आडवळणानं. चाकांच्या नादात तेल संपलं आणि विमान वस्तीत पडलं, दहा जण गेले. त्यानंतर कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं, धाकट्यानं थोरल्याला कसं अडवायचं, ह्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. आता ते केबिनमधल्या मुलींनाही देतात. मागच्या दाराजवळच्या पोरीला काही वावगं वाटलं तर तिनं फोन उचलायचा, कॅप्टन कितीही मोठा असो.

तेलाचं आलंच आहे तर तेही सांगतो. बेळगावला जाताना एकजण म्हणत होता, "वरनं तेल संपलं म्हणजे?" आमच्याकडे डिझेलचा हिशेब केपीटीएलनं व्हायचा, दहा लिटरला किती किलोमीटर. जरा जास्त जाळलं की विचारणा. विमानात उलटं आहे: पोहोचायला लागेल तेवढं, त्यावर वाटेत कमीजास्त होईल म्हणून थोडं, त्यावर दुसऱ्या ठरवून ठेवलेल्या विमानतळाला जाण्याइतकं, आणि हे सगळं धरून शेवटी अर्धा तास फिरता येईल इतकं, ज्याला हात लावायचा नाही. म्हणजे बेळगाव हे आमच्या कॅप्टनला आकाशात सुचलेलं नव्हतं. हैदराबाद सोडायच्या आधीच ते कागदावर होतं. घिरट्या घालायला किती वेळ आहे हेही त्याच हिशेबात. ती वेळ संपत आली की ढग फाटो न फाटो, वळायचं.

म्हणून 'आणीबाणी' हा जो शब्द तुम्ही मथळ्याखाली वापरलात तो मला खटकला. खरी आणीबाणी असली की वैमानिक रेडिओवर तीनदा 'मेडे' म्हणतो, मग आजूबाजूचे सगळे गप्प बसतात आणि त्याला वाट मोकळी होते. त्याहून कमी तातडीचं असेल तर तीनदा 'पॅन-पॅन'. आमच्या विमानात यातलं काही झाल्याचं कुणी सांगितलं नाही. रस्ता बंद होता, गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला महामार्गावर पाणी आलं तेव्हा किती दिवस वाहतूक ठप्प होती? तेव्हा 'पाण्यात गाडी का घातली नाही' म्हणून ड्रायव्हरला कुणी जाब विचारला नाही.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसलो ते. त्या विमानात लोक जे बोलले ते दोन मुलींनी ऐकलं, आणि बेळगावला उतरल्यावर कॅप्टननंही ऐकलं. तो कॉकपिटमधून बाहेर येऊन समोर उभा राहिला. तिशीतला असेल, शर्टावर घामाचे डाग. शांतपणे म्हणाला, धावपट्टी दिसली नाही, दिसली नाही तर मी उतरवत नाही. तीन जणांनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरले होते. एकानं विचारलं, "तुमचा लायसन नंबर काय?" दुसरा म्हणाला, "ह्याचा व्हिडिओ कंपनीला पाठवा." मला त्या मुलाच्या जागी करूळ घाटातला मी दिसलो. माणूस आहे तो. आज ऐकलेलं पुढच्या वेळी कानात असतं. बैल घराकडे वळला की आपोआप पाय उचलतो, त्याला आसूड लागत नाही. वैमानिकालाही घर असतं, उद्याची फेरी असते, वर शंभर जणांची बोलणी. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला डोंगरावरच्या धावपट्टीवर, पावसात, पहिला प्रयत्न फसल्यावर दुसऱ्यांदा उतरताना विमान धावपट्टीच्या पुढं जाऊन खाली कोसळलं, २१ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यात. चौकशी अहवालात आलं की विमान धावपट्टीवर फार पुढं टेकलं आणि सहवैमानिकानं वर घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढची फेरी करायची होती, ह्या ओढीचाही अहवालात उल्लेख आहे. तो कॅप्टन अनुभवी होता. अनुभवी माणसालाही घरओढ असते, हे मी माझ्यावरून सांगतो. ज्यानं विमान वळवलं त्याला शिव्या घातल्या, तर त्या घरओढीला आपण आपल्या हातानं आसूड मारतो.

मधली एक गोष्ट राहिली. बेळगावकडे जाताना समोरच्या रंकाळावाल्यांचा मोबाइल सीटच्या फटीत पडला. ते बटण दाबून सीट मागं-पुढं करायला लागले. ती मुलगी अक्षरशः धावत आली: "सर, सीट हलवू नका, मी काढते." ह्यांना वाटलं पोरगी उगाच हुकूम सोडतेय, आणखी चार शब्द ऐकवले. सीटच्या यंत्रात मोबाइल चिरडला तर बॅटरी पेट घेते, आणि ती आग एकदा विझली तरी पुन्हा धरते, म्हणून विझवल्यावर पाणी ओतून गार करत राहावं लागतं. हेही मला भाचीकडून कळलं. त्या मुलीनं मात्र गुडघे टेकून, हातात टॉर्च धरून, फटीत बोटं घालून मोबाइल काढला, त्यावरची धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि त्याच मोबाइलवर तिचं शूटिंग सुरू केलं. मी त्या क्षणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर एक प्रवासी विमान उतरताच दुसऱ्या लहान विमानावर आदळून पेटलं. लहान विमानातले पाच जण गेले. मोठ्यात ३७९ माणसं होती, स्पीकर बंद पडला होता, आठपैकी तीनच दारं वापरता आली, आणि तरी सगळे जिवंत बाहेर आले. मुलींनी कर्णा घेऊन आणि घसा फोडून ओरडून लोकांना बाहेर काढलं, लोकांनीही बॅगा तिथंच टाकल्या. आमच्या विमानात तशी वेळ आली असती तर? बेळगावला विमान थांबायच्या आधीच अर्धे लोक वरच्या कप्प्यातून बॅगा ओढत होते. एकाच्या बॅगेतून बिर्याणीचा डबा माझ्या खांद्यावर आला.

माझी तक्रार आहे ती उतरल्यानंतरची. विमानात मुलींनी दर दहा मिनिटांनी काय चाललंय ते सांगितलं, पाणी दिलं, रडणाऱ्या पोराला घेऊन एक जण पुढं-मागं फिरली. खाली उतरल्यावर मात्र सांगणारं कुणी नाही. हेच विमान परत कोल्हापूरला जाणार की नाही, क्रूचे कामाचे तास संपलेत का (त्यांना तासांची मर्यादा असते आणि ती असायलाच हवी, मीही डबल ड्युटी करून डुलक्या काढल्यात), बस येणार का, किती वाजता, काहीही नाही. दीड तास खुर्च्यांवर. हवामानामुळे खोळंबा झाला तर भरपाई मिळत नाही हे मला मान्य. पण ताटकळणाऱ्या माणसाला खायला-प्यायला द्यायचं असतं, तिथं एका बिस्किटाच्या पुड्यावर भागवलं. शुगरवाल्या एका आजींना शेवटी मीच बाहेरून केळी आणून दिली. आणि कोल्हापुरात न्यायला आलेली माणसं पावसात उभी, त्यांना 'विमान लेट' एवढंच सांगितलेलं. कॅप्टनला लायसन नंबर विचारणाऱ्यांनी हा प्रश्न खालच्या काउंटरवर का विचारला नाही, कोण जाणे. तुमच्या बातमीदारानं तरी तिथं फोन लावायला हवा होता. लोकांचा राग बहुतेक तिथला होता आणि तो जो समोर दिसला त्याच्यावर निघाला.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माझ्या म्हशीचा भाग कापा, त्या मुलीचा कापू नका. आणि मराठीत दोन वाक्यं विमानात बोलायला सांगता आली तर बघा. अर्ध्या लोकांना इंग्रजीतलं कळलं नव्हतं म्हणूनच 'तेल संपलं'पर्यंत गोष्ट गेली.

शेवटी सातच्या पुढं बस आली. संकेश्वर, निपाणी, कागल करत साडेनऊला उजळाईवाडीच्या पुलाखाली ड्रायव्हरनं मला उतरवलं. पुढं मध्यवर्ती स्टँडला जाणाऱ्यांनी त्याच्यावरही कुरकुर केली, मधेच का थांबवतोस म्हणून. घरी पोचलो तर धुकं एवढं की रस्त्यावरून आमची गच्ची दिसेना. शेजारच्या वहिनी म्हशीची धार काढून, भांडं झाकून दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "दाजी, साडेचारला विमानाचा आवाज आला बगा, अगदी डोक्यावर. दोनदा आला. मी अंगणात पळत गेले, म्हटलं दाजी आले. किती बगितलं, काय बी दिसलं नाही."

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक
उजळाईवाडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर